आजोळची जर्सी

आमच्या रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना आहे. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे गाऊन, डॉक्टरांचे कोट, सगळं मळकं खाली येतं आणि पांढरं होऊन वर जातं. घडी घालायच्या टेबलाशी माझ्यासमोर जी मुलगी उभी असायची, तिची ही हकिकत. तिला सगळे डावी म्हणत. चेंडू कुठूनही येवो, ती तो डाव्या पायानेच मारायची, म्हणून मैदानावरच्या पोरींनी ठेवलेलं नाव. ते मैदानावरून तळघरात आलं आणि मुकादमापासून ढकलगाडीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं, आणि तेव्हा ‘हजर’ म्हणायला तिला हमखास उशीर व्हायचा, कारण बहुतेक वेळा ती उभ्या उभ्या झोपलेली असायची.

थट्टा नाही करत मी. पहाटेची पाळी आमच्यासोबत करायची, दुपारी घरी जाऊन दोन घास खायचे, संध्याकाळी क्लबात सराव, आणि रात्री शेवटची बस पकडून परत. क्लब दुसऱ्या श्रेणीतला. फुटबॉलवर पोट भरणाऱ्या बायका असतीलही कुठे मोजक्या, त्यांत ही नव्हती. वाफेच्या रोलरपाशी उबेला उभी राहिली की तिच्या पापण्या मिटायला लागायच्या. मी चादरीचं टोक जरा जोरात ओढायचे. मग दचकून म्हणायची, “जागी आहे मी ताई, जागी आहे.”

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर टोकं धरायची, झटकायची, ताणायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. जवळ आलं की एखादं वाक्य, लांब गेलं की गप्प, कारण मशीनच्या आवाजात लांबचं ऐकू येत नाही. तिचं सगळं आयुष्य मला असं तुकड्यातुकड्याने कळलं, वर्षानुवर्षं.

तिचे वडील इथलेच, याच शहरातले, लिफ्ट दुरुस्त करणारे. कमी बोलणारा माणूस. आई मात्र दुसऱ्या देशातली. इतक्या लांबची की विमान दोनदा बदलावं लागतं. वडील तरुणपणी कंपनीच्या कामाने तिकडे गेले होते, एका मोठ्या इमारतीत लिफ्ट बसवायला. इमारत उभी राहीपर्यंत यांचं जुळलं. आईच्या घरच्यांनी नकार दिला. आई ऐकेना, तेव्हा तिच्या बापाने सांगितलं, “गेलीस तर आमच्या लेखी मेलीस.” आई गेली. धाकटी बहीण होती, तिला आईने पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. पुढे आईनेही तो विषय मिटवून टाकला. घरात तिकडचा एक फोटो नाही. भाषा तेवढी राहिली, कारण राग आला की माणूस दुसऱ्याच्या भाषेत रागवू शकत नाही. डावीला आजोळची भाषा यायची ती अशी, रागवण्यातून आणि घरकामातून शिकलेली.

आईला मी ओळखत होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं पडदे शिवायचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन, एक लांब टेबल आणि भिंतभर कापडाचे तागे. हात असा बसलेला की पडद्याच्या चुण्या मोजपट्टी न लावता सारख्या पडायच्या. मी माझ्या घरचे पडदे तिच्याकडेच शिवून घेतले. मी टेबलाशी उभी असताना एक बाई आली, कापड बघता बघता म्हणाली, “तुम्ही मूळच्या कुठल्या हो?”

“इथलीच. नाक्याजवळ राहते.”

“नाही, त्याआधी?”

“त्याआधी पुलापलीकडे राहायचो. भाड्याने.”

बाई हसली, पण हटली नाही. “बोलण्यावरून वाटलं नाही इथल्या.” तेव्हा डावीच्या आईने कात्री खाली ठेवली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या चौकटीत वर्तमानपत्रातला फोटो होता. इथल्या राष्ट्रीय संघाच्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये पोरींची रांग, आणि टोकाला, निम्मी कापली गेलेली, डावी. “ही माझी मुलगी,” आई म्हणाली. बाई म्हणाली, “अगं बाई! हो का?” आणि पडद्याच्या लांबीवर आली.

तो फोटो डावी एकोणीस वर्षांची असतानाचा. तेव्हा पहिल्यांदा इथल्या राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराचं बोलावणं आलं होतं. मुकादमाने सगळ्यांना थांबवून टाळ्या वाजवायला लावल्या. नंतर कुठे काय अडलं ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. शिबिराला बोलवायचे, पळवायचे, चाचण्या घ्यायचे. मग सामन्याच्या दिवशी राखीव खेळाडूंच्या बाकावर. एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्यात शेवटची दहा मिनिटं उतरवायचे, निकाल लागून गेलेला असायचा. प्रशिक्षक बदलले, तिची जागा बदलली नाही. मधे एकदा गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेलं. त्यानंतर बोलावणीही विरळ झाली. ती अठ्ठावीस वर्षांची झाली.

आणि त्या वर्षी तिला आजोळहून फोन आला.

तिकडच्या बायकांच्या संघाची प्रशिक्षक होती ती. पूर्वी शाळेत कवायत शिकवायची म्हणे, आवाज तसाच. डावीने मला चादरीच्या चार फेऱ्यांत सांगितलं.

“म्हणाली, तुझ्या आईचा जन्म इथला आहे ना, मग तू आमच्याकडून खेळू शकतेस. डाव्या बाजूला बचावाला माझ्याकडे माणूसच नाही.”

“मग?”

“मग म्हणाली, आधीच सांगून ठेवते. मैदान खडबडीत आहे. हॉटेलात गरम पाणी येईलच असं नाही. आणि आम्ही हरतो. बहुतेक वेळा हरतो. पण तू पहिल्या अकरात असशील.”

“हे असं सांगून कोणी बोलावतं का?”

“तेच तर,” डावी म्हणाली, आणि चादरीचं टोक माझ्या हातात देऊन दुसरी उचलायला गेली.

आता यात एक मेख होती. मैत्रीपूर्ण सामने कितीही खेळा, कोणी अडवत नाही. पण तिच्या वयाच्या खेळाडूने एकदा का एखाद्या देशाकडून खऱ्या स्पर्धेचा सामना खेळला, मग तो एक मिनिट का असेना, की त्या देशाचा शिक्का बसला. परत फिरणं नाही. डावीवर असा कुठलाच शिक्का नव्हता. इथल्यांनी तिला खऱ्या सामन्यात उतरवलंच नव्हतं.

आठवडाभर तिने माझ्याशिवाय बाहेर कोणाला कळू दिलं नाही. पण अशा गोष्टी राहतात होय? कुठूनसं क्लबात कळलं, तिथून इथल्या संघाच्या प्रशिक्षकाच्या कानावर गेलं, आणि त्याचाही फोन आला. वर्षभर ज्याने साधी चौकशी केली नव्हती, तो म्हणाला, “तू आपली मुलगी आहेस. पात्रता फेरीच्या संघात तुला घेतोय.” डावीने विचारलं, “पहिल्या अकरात?” तो म्हणाला, “ते त्या त्या वेळी बघू. तू संघात हवी आहेस, हे महत्त्वाचं.”

“म्हणजे बाक,” मी म्हटलं.

“म्हणजे बाक. आणि कुठल्या तरी सामन्यात शेवटची पाच मिनिटं उतरवतील, की झालं. दोन्हीकडचा रस्ता बंद.” ती रागावलेली नव्हती. थकलेली होती. राग यायलाही अंगात जोर लागतो.

त्यानंतरचे काही दिवस जो भेटेल तो तिला विचारू लागला. बसचा कंडक्टर विचारायचा. वरच्या मजल्यावरच्या परिचारिका मळके कपडे टाकायला म्हणून मुद्दाम खाली यायच्या. आमच्यात रोलरवर काम करणारा एक गडी आहे, त्याला आम्ही बातमीदार म्हणतो. तो म्हणाला, “यात विचार काय करायचा? जिथलं खाल्लं तिथलं खेळायचं.” डावी म्हणाली, “मी माझ्या पगाराचं खाते रे.” बातमीदार म्हणाला, “तसं नाही, पण मनाने तू कुठली?” ती चादरींचा गठ्ठा उचलून टेबलाशी आली. मला म्हणाली, “ताई, सगळे मन विचारतात. गुडघा कोणी विचारत नाही. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं देईल. फार तर अडीच.”

घरची गंमत अशी की सगळं उलटं होतं. बाप इथला, तो म्हणाला, “जा तिकडे. इथे बसून बसून यांचं बाक गुळगुळीत केलंस तू.” आणि आई, जिचा तो देश, तिने तोंड फिरवलं.

तो रविवार डावीने मला बऱ्याच वेळा सांगितला. दरवेळी थोडा वेगळा, पण गाभा हाच. दुकानातलं काम आईने घरी आणलं होतं. कुठल्याशा सभागृहाचे जाडजूड पडदे, जेवणाच्या टेबलावरून जमिनीपर्यंत पसरलेले. आई टीप घालत होती. डावी खाली भिंतीला टेकून बसलेली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. वडील खिडकीशी कुणाच्या तरी पंख्याचं काहीतरी उघडून बसले होते.

आई म्हणाली, “काय ठरवलंस?”

“तिकडून खेळते म्हणतेय.”

मशीन थांबलं नाही. टीप पूर्ण झाली, दोरा तुटला, मग आई बोलली. “ज्यांनी मला मेली म्हटलं, त्यांच्यासाठी तू धावणार.”

“त्यांच्यासाठी नाही गं. आजोबा तरी आता आहेत का जिवंत? मला खेळायचंय, एवढंच.”

“इथे खेळ.”

“इथे बसवतात, आई.”

“बसवू देत. बसलीस तरी इथली दिसतेस ना? तो निळा सदरा अंगात असतो ना?” आणि मग आईचा आवाज चिरकला. “तीस वर्षं मी इथे जीभ वळवत बसले. भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत, तोंड उघडलं की माणूस विचारतो, कुठल्या तुम्ही. एक तुझा फोटो आहे ज्याच्यापुढे लोक गप्प होतात. तोही तू उतरवायला लावणार?”

हे सांगताना डावी मला म्हणाली, “ताई, मला तोवर वाटायचं तो फोटो कौतुकाने लावलाय.”

“कौतुक पण असेलच की,” मी म्हटलं.

“असेल. पण माझ्यापेक्षा तोच तिच्या जास्त कामाला येतो.”

वडिलांनी पंख्यावरून मान न उचलता म्हटलं, “तिचे पाय आहेत. तिला ठरवू दे.” त्यावर आई त्यांच्यावर उखडली, आणि पुढचं भांडण दोघांचं झालं. डावी बर्फ वितळेपर्यंत बसून राहिली. मग उठून फरशी पुसली, कारण पाणी आईच्या पडद्याच्या काठापर्यंत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने इथल्या प्रशिक्षकाला फोन लावला. तळघरात आवाज लागत नाही म्हणून जिन्यात उभी होती, मी दोन पायऱ्या खाली. “नाही सर. ठरलंय माझं. हो सर, माहिती आहे परत येता येणार नाही. नाही, कोणी फूस लावली नाही.” मग बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “सर, मी इतकी वर्षं आपलीच होते, तेव्हा फोन करायचात.” फोन ठेवला आणि पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, “पाचच मिनिटं पाठ टेकते,” आणि भिंतीला डोकं लावून तिथेच झोपली.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. फोनवर लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं, गद्दार वगैरे. तिने ते वाचायचं सोडून दिलं. बातमीदार काही दिवस तिच्याशी बोलायचा बंद झाला, पाळीची अदलाबदल करेना. मुकादम तेवढा म्हणाला, “तिकडे खेळ नाहीतर चंद्रावर खेळ, मला फक्त तारखा आधी सांग. तुझ्या जागी माणूस कुठून आणू मी?” सगळ्यांत समजूतदार बोलणं तेच वाटलं मला.

मग ती गेली. पहिल्या खेपेला बॅग मधल्याच विमानतळावर राहिली आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी बुटांत सराव करत होती. संघात एक पोलीस होती, दोघी शिक्षिका होत्या, काही अजून शिकत होत्या. सगळ्या जमल्या आणि हिने तोंड उघडलं, तर हास्याचा फवारा उडाला. कारण हिची भाषा तीस वर्षांपूर्वीची, आणि तीही आईची. तिकडे आता ते शब्द फक्त म्हाताऱ्या बायका वापरतात. तिला नाव पडलं आजीबाई.

“आणि सामन्यात?” मी विचारलं. “तिथे ओरडावं लागतं ना एकमेकींना?”

“तीच तर पंचाईत. फुटबॉलचे शब्द मला त्या भाषेत येतच नाहीत. मला येतं काय? पसारा आवर, हात धू, दार लाव, दूध उतू जाईल. मग तेच ओरडले. समोरची पोरगी मोकळी सुटली की मी ओरडायचे, मागचं दार लाव! मागचं दार उघडं टाकलंय कोणी?” सांगताना ती स्वतःच हसायला लागली, मी तिला तशी हसताना फार क्वचित पाहिली. “गोलरक्षक हसून लोळायची बाकी होती. पण ताई, दार लावलं त्यांनी. पुढच्या सामन्यापासून सगळ्याच ओरडायला लागल्या.”

पहिला सामना चार गोलांनी हरल्या. राष्ट्रगीताच्या वेळी तिला शब्द येत नव्हते, तिने नुसते ओठ हलवले. प्रेक्षकांतून कोणीतरी तिच्याकडे बघून काहीतरी ओरडलं. नीट समजलं नाही, पण ‘बाहेरची’ हा शब्द कळला. “तो शब्द आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता,” ती म्हणाली, “तरी कसा कळला कोण जाणे.” पण ती पूर्ण नव्वद मिनिटं खेळली. परत आली तेव्हा डावा पाय नडगीपासून घोट्यापर्यंत काळानिळा होता. घडीच्या टेबलाशी एका पायावर उभी राहून काम करत होती, आणि झोपलेली नव्हती.

आई काही विचारेल म्हणून ती वाट बघत होती. आईने सामना पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी, भांडी पुसता पुसता, आईने विचारलं, “तिथे पाणी कसं आहे आता? अजून गढूळच येतं का?”

“नाही. स्वच्छ होतं.”

“हं,” आई म्हणाली. त्यानंतर दरवेळी एवढंच. बसगाड्या कशा आहेत, नदीवरचा पूल बांधला का, थंडी पडली का. खेळाबद्दल एक अक्षर नाही. दुकानातला फोटो मात्र जागचा हलला नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की आई बोट दाखवायची आणि म्हणायची, “माझी मुलगी. राष्ट्रीय संघात खेळते.” कुठल्या, ते सांगायची नाही. फोटोतला सदरा निळा होता, लोक आपापलं समजून घ्यायचे.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत एक बाई तिची वाट बघत बसली होती. सोबत दोन मोठे मुलगे. डावी जिन्यावरून उतरली, तशी ती बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, “चाल अगदी तिचीच.” ही आईची धाकटी बहीण. वर्तमानपत्रात आईचं माहेरचं आडनाव वाचून आली होती.

डावीला काय करावं सुचेना. जवळ घ्यावं का, वाकावं, की नुसतं बसावं. ती बसली. मावशीने विचारलं, “ती मला शिव्या देते का?”

“नाही. तुमचं नावच काढत नाही.”

मावशी थोडा वेळ हातातल्या पिशवीचे बंद पिळत राहिली. “शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं,” ती म्हणाली. मग सांगितलं की पत्रं आली होती. आजोबा घरात होते, उत्तर द्यायची हिंमत झाली नाही. आजोबा गेले, तोवर पत्रं थांबली होती. “तिला सांग,” असं म्हणून तिने सुरुवात केली आणि पुढे काही सांगितलं नाही. मुलांनी फोटो काढले. जाताना फोन नंबर घेतला.

डावीने घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “बरं.” आणि उठून आत गेली.

नंबर दिला आणि मग सुरू झालं. मावसभावाला इथे नोकरी मिळेल का, कोणाला विचारशील? काकांच्या गुडघ्याला पट्टा हवाय, तिकडे चांगले मिळतात, येताना घेऊन ये. धाकट्याचं लग्न ठरलंय, तुझा सामना त्याच आठवड्यात आहे ना, मग ये. डावीच्या बॅगेत बुटांपेक्षा औषधं आणि स्वेटर जास्त असायचे. “ताई, मी संघ निवडला हो,” ती एकदा हताश होऊन म्हणाली. “अख्खं आजोळ गळ्यात पडेल असं कोणी सांगितलं नव्हतं.” फोनवर ती मावशीशी बोलत असली की आई शेजारच्या खोलीत मशीन बंद करून बसायची. डावी एखादा शब्द चुकली तर भिंतीपलीकडून बरोबर शब्द यायचा. तेवढाच. आई बाहेर यायची नाही, आणि मावशीही तो आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

लोकांना अजून वाटतं की कधी तरी दोन्ही देश समोरासमोर आले असतील, डावीने गोल केला असेल, आई प्रेक्षकांत असेल. तसं काही झालं नाही. गटांच्या सोडतीत ते दोन संघ एकत्र आलेच नाहीत. आजोळचा संघ बहुतेक सामने हरला, काही बरोबरीत सोडवले, आणि एकदा जिंकला. त्या एका विजयाच्या वेळी डावी गुडघ्याला पट्टा बांधून बाहेर बसलेली होती. मी म्हटलं, “बघ, शेवटी बाकच.” ती म्हणाली, “हे बाक वेगळं होतं ताई. या बाकावर बसून मी घसा बसेपर्यंत ओरडले.”

गुडघ्याने डॉक्टरांचा शब्द राखला. दोन वर्षांनंतर एका सरावात तो वळला आणि सुजून आला तो उतरला नाही. तिकडच्या प्रशिक्षक बाईने फोनवर एवढंच म्हटलं, “खूप दमलीस ना? थांब आता.” डावी थांबली. क्लबही सोडला. संध्याकाळी काय करायचं हे तिला महिनोनमहिने कळत नव्हतं. पाळी सुटली तरी तळघरात रेंगाळत बसायची, माझ्यासोबत चहा प्यायची. आयुष्यात पहिल्यांदा पोटभर झोप मिळत होती आणि तरी चेहऱ्यावर तोच थकवा. “शरीराला सवय लागलीय,” म्हणायची.

मागच्या वर्षी मावशी आजारी पडली. आजार लांबला नाही, ती गेली. मावसभावाचा फोन आला तेव्हा आईच फोनजवळ होती. तिनेच उचलला. पलीकडचा मुलगा रडत होता, त्याला कळलं नाही की ही डावी नाही. आईने सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या भाषेत दोन शब्द बोलली आणि फोन डावीच्या हातात दिला.

वडील आईला म्हणाले, “जाऊन ये तू. मी येतो सोबत.” आई म्हणाली, “माझा तिकडचा कागद कधीच संपलाय. आता कुठे रांगेत उभी राहू.” ते खोटं नव्हतं, पण तेवढंच कारण होतं असंही नाही. डावीकडे तिकडचा पासपोर्ट होता, खेळण्यासाठी काढलेला. ती गेली. खेळाडू म्हणून नाही, आईच्या जागी. बाकीच्या बायकांमध्ये बसली, आल्यागेल्याला पाणी दिलं, कोण कोणाचं कोण ते समजून घेतलं. संघातली ती पोलीस भेटायला आली होती. आठवडाभर राहून डावी परतली.

घरी आली तेव्हा दुपार होती. आई टेबलाशी होती, पण मशीनला कापड लावलेलं नव्हतं. डावी समोरच्या खुर्चीत बसली. बूटही काढले नाहीत.

“कोण कोण होतं?” आईने विचारलं.

डावीने सांगितलं. शेजारची म्हातारी अजून आहे, तिला दिसत नाही आता. गल्लीच्या टोकाच्या दुकानदाराचा मुलगा आला होता. मावशीच्या सुना चांगल्या आहेत. मावशी शेवटपर्यंत माहेरच्याच जुन्या घरात राहिली होती, म्हणून आई मधे मधे विचारत होती. कोणत्या खोलीत ठेवलं होतं तिला? खिडकीजवळ का? वरच्या मजल्याचा जिना अजून लाकडाचाच आहे का? डावी आठवून आठवून उत्तरं देत होती. जे आठवलं नाही त्याला आठवत नाही म्हणाली. असं बराच वेळ चाललं.

“रडलीस का तू?” आईने शेवटी विचारलं.

“नाही गं. दोन विमानं, मग बस, मग तिथली माणसं. मी नुसती दमले होते.”

आईने मान डोलावली. उठून कोचावरचे कापडाचे तागे एकेक करून खाली भिंतीशी ठेवले, उशी झटकली आणि म्हणाली, “पड जरा. मी दार ओढून घेते.” डावी आडवी झाली. आई दुसऱ्या खुर्चीत तिथेच बसून राहिली, हातात काही काम न घेता.